फ्रेंच क्रियापदांची रूपे आणि काळ: मराठीच्या आधाराने शिकण्याची व उजळणीची पद्धत

फ्रेंच शिकायला सुरुवात केलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांतच क्रियापदांचे तक्ते भेटतात. सहा पुरुष-वचने, डझनभर काळ आणि अर्थ (म्हणजे इच्छा, अट, आज्ञा दाखवणारी क्रियापदाची रूपे), त्यांत अनियमित क्रियापदांची वेगळी यादी, आणि हे सगळे पाठ कसे करायचे याबद्दल कोणीच नीट काही सांगत नाही. मुंबई-पुण्यातील वर्गांत किंवा अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतल्यावर स्पष्टीकरण बहुतेक वेळा इंग्रजीतून मिळते, त्यामुळे मराठी विद्यार्थी मनातले वाक्य आधी इंग्रजीत नेतो आणि तिथून फ्रेंचमध्ये आणतो. माझे मत असे आहे की निम्मा गोंधळ या वळणामुळे होतो, कारण काळांच्या बाबतीत अनेक ठिकाणी फ्रेंच ही इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहे. शाळेत शिकलेले कर्तरी-कर्मणी प्रयोग, रीती भूतकाळ, विध्यर्थ आणि संकेतार्थ येथे थेट उपयोगी पडतात. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात फ्रेंच रूपे देवनागरीत, म्हणजे उच्चाराप्रमाणे दिली आहेत आणि जिथे लेखन महत्त्वाचे आहे तिथे अक्षरांची नावे आपल्या ओळखीच्या इंग्रजी पद्धतीने सांगितली आहेत. तुमच्या स्वतःच्या वहीत मात्र फ्रेंच देवनागरीत लिहू नका. देवनागरी उच्चार दाखवते, पण न उच्चारली जाणारी शेवटची अक्षरे लपवते, आणि लेखी परीक्षेत गुण नेमके त्याच अक्षरांवर जातात.

लागणारे साहित्य

- क्रियापदांच्या रूपांचे एक छापील पुस्तक. फ्रान्समध्ये अशा पुस्तकाला सर्रास ‘बेशरेल’ म्हणतात. त्याचा उपयोग शब्दकोशासारखा करायचा, पाठांतरासाठी नाही.
- एक जाड वही, जिच्यात प्रत्येक क्रियापदाला एकच ओळ मिळेल.
- फोनवर आणि संगणकावर फ्रेंच कळफलक. स्वरांवरील खुणा टाळून टंकलेखन करण्याची सवय लागली की ती सुटता सुटत नाही.
- ऐकण्यासाठी संथ फ्रेंच. आरएफआय या फ्रेंच नभोवाणीच्या सोप्या भाषेतील बातम्या आणि टीव्ही-५ मोंदच्या संकेतस्थळावरील सराव हे दोन्ही मोफत आहेत.
- ठरावीक अंतराने प्रश्न पुन्हा विचारणारे अंकीसारखे एखादे ॲप, किंवा कागदाच्या चिठ्ठ्या.

१. आधी कानाने, मग डोळ्यांनी

‘पार्ले’ म्हणजे बोलणे. या क्रियापदाची वर्तमानकाळातील रूपे लिहिताना सहापैकी पाच प्रकारची दिसतात, पण बोलताना मी, तू, तो-ती आणि ते-त्या या चारही ठिकाणी उच्चार एकच आहे, ‘पार्ल’. वेगळी ऐकू येतात ती फक्त ‘नू पार्लों’ (आम्ही बोलतो) आणि ‘वू पार्ले’ (तुम्ही बोलता) ही दोन. त्यातही रोजच्या बोलण्यात फ्रेंच लोक ‘नू’ऐवजी बहुतेक वेळा ‘ओं’ वापरतात. तो आपल्या ‘आपण’च्या बराच जवळ आहे आणि त्याच्यापुढे तृतीयपुरुषी एकवचनाचेच रूप येते. म्हणजे तक्ता सहा ओळींचा असला तरी तोंडाला शिकवायची रूपे दोनच उरतात. फ्रेंचमधील सुमारे दहापैकी नऊ क्रियापदे याच ई-आर अंत्य गटातील आहेत आणि भाषेत नव्याने येणारी क्रियापदेही याच गटात येतात, म्हणून हा दिलासा छोटा नाही.

सापळा असा की अनेकवचनाच्या रूपाच्या शेवटी ई-एन-टी ही अक्षरे दिसतात आणि नवखा विद्यार्थी ती ‘आं’ अशी वाचतो. तृतीयपुरुषी अनेकवचनाच्या शेवटी असलेली ही अक्षरे ‘आं’ अशी कधीही उच्चारली जात नाहीत.

इतर गटांत एकवचन आणि अनेकवचन यांतील फरक मात्र बहुधा कानाला कळतो आणि त्याला एक सुंदर नियम आहे: अनेकवचनात शेवटी एक व्यंजन जास्त ऐकू येते. ‘ईल फिनी’ म्हणजे तो संपवतो, ‘ईल फिनीस’ म्हणजे ते संपवतात. त्याचप्रमाणे ‘पार’ आणि ‘पार्त’, ‘ली’ आणि ‘लीझ’, ‘मे’ आणि ‘मेत’, ‘से’ आणि ‘साव’, ‘एक्री’ आणि ‘एक्रीव’. या जोड्या मोठ्याने म्हणा. तिसऱ्या पायरीवर हेच जास्तीचे व्यंजन पुन्हा लागणार आहे.

२. चार क्रियापदे सगळ्यांच्या आधी

असणे, जवळ असणे, जाणे आणि करणे, म्हणजे ‘एत्र’, ‘आव्वार’, ‘आले’ आणि ‘फेर’, ही चार क्रियापदे कोणत्याही युक्तीशिवाय पाठ करावी लागतात. ती टाळून पुढे जाऊ नका, कारण पहिल्या दोघांच्या आधारावर सगळे संयुक्त काळ (सहायक क्रियापद जोडून होणारे) उभे राहतात आणि तिसऱ्याच्या आधारावर रोजचा भविष्यकाळ. या चौघांचे तृतीयपुरुषी अनेकवचन ‘सों’, ‘ओं’, ‘वों’, ‘फों’ असे यमकात येते आणि असे रूप फ्रेंचमध्ये वर्तमानकाळात या चौघांनाच आहे. ‘वू’बरोबर ‘ए’ हा नेहमीचा शेवट न घेणारी मूळ क्रियापदे तीनच आहेत: ‘वू एत’, ‘वू फेत’ आणि म्हणणे या अर्थाचे ‘वू दीत’.

‘आव्वार’बद्दल मराठी माणसाने विशेष सावध राहावे. आपल्याकडे ‘जवळ असणे’ यासाठी स्वतंत्र क्रियापद नाही. आपण ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘मला दोन बहिणी आहेत’, ‘मला भूक लागली आहे’, ‘मी वीस वर्षांची आहे’ असे म्हणतो. फ्रेंचमध्ये ही चारही वाक्ये ‘आव्वार’ने होतात. ‘मी वीस वर्षांची आहे’ याचे ‘जे वँतां’ होते, म्हणजे शब्दशः ‘माझ्याकडे वीस वर्षे आहेत’. येथे ‘एत्र’ वापरणे ही मराठी विद्यार्थ्याची ठरलेली चूक आहे आणि इंग्रजीमार्गे गेल्याने ती आणखी पक्की होते.

वर्तमानकाळाच्या अर्थाबद्दल दोनच गोष्टी. ‘मी खाते’ आणि ‘मी खात आहे’ या दोन्हींसाठी फ्रेंचमध्ये एकच रूप पुरते. ‘मी दोन वर्षांपासून शिकते आहे’ या वाक्यात आपल्याप्रमाणेच फ्रेंचही साधा वर्तमानकाळ वापरते. त्यामुळे इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ येथे आठवू नका.

३. तक्ता पाठ करू नका, पाच आधाररूपे पाठ करा

ही पायरी संपूर्ण पद्धतीचा कणा आहे, म्हणून येथे घाई करू नये. प्रत्येक नव्या क्रियापदासाठी वहीत एका ओळीत पाच रूपे लिहा: मूळ रूप, तृतीयपुरुषी एकवचन, ‘नू’चे रूप, तृतीयपुरुषी अनेकवचन आणि भूतकालवाचक धातुसाधित (‘लिहिलेले’, ‘प्यालेले’ यांसारखे रूप). पिणे या क्रियापदाची ओळ अशी होईल: ब्वार, ब्वा, ब्युवों, ब्वाव, ब्यु. आता या पाचांतून बाकी सगळे कसे निघते ते पाहा.

मूळ रूपाला प्रत्यय लावला की भविष्यकाळ मिळतो, ‘ज ब्वारे’. मूळ रूपाच्या शेवटी मूक ई असेल तर ती आधी गळते. भविष्यकाळाच्याच अंगाला (प्रत्यय काढून उरलेल्या भागाला) अँपार्फे या भूतकाळाचे प्रत्यय लावले की संकेतार्थ मिळतो. ‘नू’च्या रूपातून ‘ओं’ काढला की अँपार्फेचे अंग मिळते, ‘ज ब्युवॅ’. या नियमाला अपवाद एकच, तो म्हणजे ‘एत्र’. अनेकवचनी ‘ब्वाव’ हे रूप स्युब्जोंक्तीफ या, आपल्या विध्यर्थासारख्या, अर्थाचे अंग पुरवते, आणि ‘ब्यु’ हे धातुसाधित सगळ्या संयुक्त काळांत जाते. पाच शब्द पाठ केले की पन्नासाहून अधिक रूपे स्वतः बनवता येतात.

काही क्रियापदांचे भविष्याचे अंग अनियमित असते. त्यांच्यासाठी ओळीच्या शेवटी सहावा रकाना ठेवा. यादी फार मोठी नाही: असणेचे ‘सर’, जवळ असणेचे ‘ओर’, जाणेचे ‘ईर’, करणेचे ‘फर’, येणेचे ‘व्यँद्र’, पाहणेचे ‘वेर’, शकणेचे ‘पूर’, जाणून असणेचे ‘सोर’, इच्छिणेचे ‘वूद्र’, बांधील असणेचे ‘दव्र’, आणि अशी आणखी थोडी. अंग कसेही असो, शेवटी ‘र’ हा ध्वनी असतोच, आणि ऐकताना भविष्यकाळ ओळखण्याची हीच खूण आहे.

ही ओळ लिहिताना लेखनातल्या दोन बारकाव्यांकडे लक्ष द्या. ‘मांजे’ म्हणजे खाणे, याच्या ‘नू’च्या रूपात ‘ज’ हा उच्चार टिकवण्यासाठी जी नंतर एक ई जास्त लिहितात. ‘कॉमांसे’ म्हणजे सुरू करणे, त्यात सी या अक्षराखाली शेपटी येते. अँपार्फेमध्येही हेच पुढे चालते. शिवाय ६ डिसेंबर १९९० रोजी फ्रान्सच्या शासकीय राजपत्रात शुद्धलेखनाच्या काही सुधारणा सुचवल्या गेल्या. त्यांमुळे काही क्रियापदांच्या रूपांत खुणांची दोन लेखने आढळतात आणि दोन्ही ग्राह्य आहेत. जुने आणि नवे पुस्तक जुळत नाही म्हणून घाबरू नका. एक लेखन निवडा आणि तेच चालू ठेवा.

४. पासे कोंपोझे: येथे मराठीतले प्रयोग आठवा

हा रोजचा भूतकाळ आहे. तो सहायक क्रियापद आणि धातुसाधित मिळून बनतो, आणि प्रश्न असा पडतो की सहायक म्हणून ‘आव्वार’ घ्यावे की ‘एत्र’. बहुतेक क्रियापदे ‘आव्वार’ घेतात. ‘एत्र’ घेणारा छोटा गट हालचाल आणि अवस्थांतर दाखवणाऱ्या अकर्मक क्रियापदांचा आहे: जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, आत शिरणे, बाहेर पडणे, चढणे, उतरणे, पडणे, परतणे, राहणे, जन्मणे, मरणे. मराठीत ही सगळी क्रियापदे कर्तरी प्रयोगात चालतात. मुलगा गेला, मुलगी गेली, मुली गेल्या. फ्रेंचमध्येही ‘एत्र’बरोबर धातुसाधित कर्त्याचे लिंग-वचन घेते. स्त्रीलिंगी कर्त्यासाठी शेवटी ई वाढते आणि अनेकवचनासाठी एस. उच्चार बहुधा बदलत नाही, म्हणून ती विसरते. लिहिताना मनातल्या मनात मराठी वाक्य म्हणून पाहा: ‘गेली’ ऐकू आले की ई लिहायची.

‘आव्वार’बरोबर धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलत नाही. मात्र कर्म क्रियापदाच्या आधी आले तर ते कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीतून येणाऱ्याला हा नियम विचित्र वाटतो. आपल्याला तो विचित्र वाटायचे कारण नाही, कारण ‘मी चिठ्ठी लिहिली’ या वाक्यात क्रियापद चिठ्ठीप्रमाणेच चालते. फरक एवढाच की मराठीत कर्म कुठेही असले तरी चालते, फ्रेंचमध्ये ते आधी यावे लागते. ‘जे एक्री ला लेत्र’ म्हणजे मी चिठ्ठी लिहिली. येथे कर्म नंतर आहे, म्हणून बदल नाही. ‘ला लेत्र क जे एक्रीत’ म्हणजे मी लिहिलेली चिठ्ठी. येथे कर्म आधी आले, धातुसाधित स्त्रीलिंगी झाले आणि शेवटचा ‘त’ कानालाही ऐकू आला. असा ऐकू येणारा नमुना पाठ ठेवला की न ऐकू येणारे नमुनेही सुधारतात.

या साम्यावर डोळे मिटून विसंबू नये अशा जागा तीन आहेत. पहिली, धावणे, चालणे आणि उडी मारणे ही हालचाल असूनही फ्रेंचमध्ये ‘आव्वार’ घेतात. कारण त्यांत एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोचण्यापेक्षा क्रियेच्या प्रकारावर भर आहे. दुसरी, शिकणे, बोलणे, विसरणे, पिणे यांसारखी काही क्रियापदे मराठीत कर्म असूनही कर्त्याप्रमाणे चालतात. आपण ‘मी फ्रेंच शिकलो’ म्हणतो, ‘मी फ्रेंच शिकली’ नाही. फ्रेंचमध्ये मात्र ती सरळ ‘आव्वार’ घेतात. तिसरी जागा सर्वांत फसवी आहे. चढणे, उतरणे, बाहेर पडणे या क्रियापदांना कर्म जोडले की सहायक बदलते. ‘मी उतरले’ याला ‘एत्र’ लागेल, पण ‘मी जिना उतरले’ याला ‘आव्वार’, जरी मराठी रूप दोन्हीकडे ‘उतरले’ असेच राहते.

स्वतःवर घडणाऱ्या क्रिया दाखवणारी, ‘स’ लागलेली क्रियापदे, उदाहरणार्थ उठणे किंवा आंघोळ करणे, नेहमी ‘एत्र’ घेतात. ‘तिने हात धुतले’ अशा वाक्यात हात हे कर्म नंतर येत असल्यामुळे धातुसाधित बदलत नाही, एवढे तूर्त लक्षात ठेवावे.

५. अँपार्फे आणि ‘होतो’चा सापळा

‘आम्ही दर उन्हाळ्यात कोकणात जात असू’ हा रीती भूतकाळ आणि ‘मी जेवत होतो तेव्हा फोन वाजला’ यातील अपूर्ण भूतकाळ, हे दोन्ही फ्रेंचमध्ये अँपार्फेने होतात. वाजलेला फोन पासे कोंपोझेत जातो. ‘जायचो’, ‘जात असे’, ‘जात होतो’ यांपैकी एखादे रूप वाक्यात सहज बसत असेल तर अँपार्फे घ्या. ‘गेलो’ हेच बसत असेल तर पासे कोंपोझे. ही कसोटी इंग्रजीच्या कोणत्याही नियमापेक्षा अधिक वेळा बरोबर उत्तर देते. ‘मला माहीत होते’ आणि ‘मला कळले’ यांतील फरक फ्रेंचमध्ये एकाच क्रियापदाच्या दोन काळांनी दाखवला जातो, ‘ज सावॅ’ आणि ‘जे स्यु’, आणि तो मराठी कानाला लगेच पटतो.

सापळा ‘होतो’ या शब्दात आहे. आपण सहजपणे ‘मी काल नाटकाला गेलो होतो’ असे म्हणतो आणि त्यात भूतकाळाच्याही आधीचा भूतकाळ अभिप्रेत नसतो. विद्यार्थी त्याचे प्ल्युस्क-पार्फे करतो, कारण रूप पूर्ण भूतकाळाचे दिसते. फ्रेंचमध्ये येथे साधा पासे कोंपोझे हवा. प्ल्युस्क-पार्फे तेव्हाच वापरा जेव्हा वाक्यात ‘त्याच्या आधीच’ असे शब्द घालता येतात: मी पोहोचलो, त्याआधीच गाडी सुटली होती.

६. भविष्यकाळ आणि ‘सी’ची वाक्ये

‘जाणार आहे’ आणि ‘जाईन’ यांत आपल्याला जो फरक जाणवतो, जवळपास तोच फ्युत्युर प्रॉश आणि फ्युत्युर सँप्ल यांत आहे. पहिल्यासाठी ‘आले’चा वर्तमानकाळ आणि मूळ रूप एवढे पुरते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. ‘तू येशील तेव्हा सांगेन’ या वाक्यात आपण दोन्हीकडे भविष्य वापरतो, तसेच फ्रेंचही वापरते. इंग्रजीची सवय येथे पुन्हा चुकीच्या दिशेने ओढते. (‘आलोच!’ असे आपण निघण्यापूर्वीच भूतकाळात ओरडतो, तेव्हा फ्रेंच माणूस वर्तमानकाळात ‘जारीव!’ म्हणतो. दोघेही पोहोचलेले नसतात.)

‘जर’ या अर्थाचा ‘सी’ मात्र मराठीशी जुळत नाही, म्हणून तीन नमुने वाक्यांसह पाठच करावेत. ‘पाऊस पडला तर मी जाणार नाही’ यात आपण भूतकाळाचे रूप वापरतो. फ्रेंचमध्ये ‘सी’नंतर वर्तमानकाळ आणि दुसऱ्या भागात भविष्य येते. ‘माझ्याकडे वेळ असता तर मी आत्ता आले असते’ अशा आजच्या कल्पनेसाठी ‘सी’नंतर अँपार्फे आणि पुढे संकेतार्थ येतो. हातातून गेलेल्या संधीसाठी ‘सी’नंतर प्ल्युस्क-पार्फे आणि पुढे संयुक्त संकेतार्थ येतो. मराठीत ‘असता’ आणि ‘असते’ दोन्ही भागांत येतात, त्यामुळे विद्यार्थी ‘सी’नंतरही संकेतार्थ घालतो. ‘जर’ या अर्थाच्या ‘सी’नंतर तो कधीही येत नाही.

संकेतार्थाचा आणखी एक उपयोग आपल्याला परका नाही. ‘मला एक तिकीट हवे होते’ असे खिडकीशी आपण नम्रतेने भूतकाळात बोलतो. त्याच ठिकाणी फ्रेंचमध्ये ‘ज वूद्रॅ’ म्हणतात.

७. स्युब्जोंक्तीफ म्हणजे बराचसा विध्यर्थ

या प्रकरणाचा धाक अनाठायी आहे. ‘त्याने यावे’, ‘तू जावेस’ ही रूपे आपण रोज वापरतो. इच्छा, गरज, शंका, भावना यांच्यापुढे ‘क’ (म्हणजे ‘की’) येऊन दुसरा कर्ता आला की फ्रेंचमध्ये स्युब्जोंक्तीफ लागतो. कर्ता एकच असेल तर आपण ‘मला जायचे आहे’ म्हणतो आणि फ्रेंचमध्येही नुसते मूळ रूप येते. कर्ते वेगळे झाले की ‘तू जावेस अशी माझी इच्छा आहे’ असे ‘जावेस’ येते, आणि तिकडेही स्युब्जोंक्तीफ येतो. रूपांसाठी तिसऱ्या पायरीवरील अनेकवचनी रूप घ्या. ‘नू’ आणि ‘वू’ची रूपे बहुतेक क्रियापदांत अँपार्फेसारखीच असतात. असणे, जवळ असणे, जाणे, करणे, शकणे, जाणून असणे, इच्छिणे अशा मोजक्या क्रियापदांची रूपे वेगळी पाठ करावी लागतात.

दोन ठिकाणी मराठी फसवते. ‘आशा करणे’ या अर्थाच्या ‘एस्पेरे’नंतर होकारार्थी वाक्यात स्युब्जोंक्तीफ येत नाही. ‘मला वाटते की’नंतरही येत नाही, पण ‘मला वाटत नाही की’नंतर येतो.

८. उजळणी कशी करावी

तक्ता वरून खाली म्हणत जाणे ही उजळणी नाही. अशा पाठांतराने ‘वू’चे रूप आठवण्यासाठी आधीची चार म्हणावी लागतात, आणि बोलताना तेवढा वेळ मिळत नाही. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी वाक्य लिहा, दुसऱ्या बाजूला फ्रेंच, आणि पुरुष व काळ यांची सरमिसळ करा. ‘आम्ही पीत असू’, ‘तिने लिहिले’, ‘तू यावेस’ अशी वाक्ये आली की मराठीतून थेट फ्रेंचकडे जायची सवय आपोआप लागते.

आठवड्यातून एकदा पाच-सहा वाक्यांचा एखादा सोपा उतारा घ्या आणि तो वर्तमानातून भूतकाळात, मग भविष्यात लिहून काढा. कोणते वाक्य पासे कोंपोझेत आणि कोणते अँपार्फेत जाते याचा निर्णय घेण्याचा सराव दुसऱ्या कशानेही इतका होत नाही. ऐकून लिहिण्याचा सरावही ठेवा, कारण ई-आर, ई-झेड आणि खुणेची ई हे तिन्ही शेवट ‘ए’ असेच ऐकू येतात. मूळ रूप लिहावे की धातुसाधित, हे ठरवण्यासाठी फ्रेंच शाळांतली जुनी युक्ती वापरा. त्या जागी विकणे हे क्रियापद ठेवून पाहा. ‘वांद्र’ बसले तर ई-आर, ‘वांद्यु’ बसले तर खुणेची ई.

डेल्फ ही ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत्या पातळ्यांची फ्रेंच भाषेची परीक्षा द्यायची असेल तर सगळे काळ एकदम अंगावर घेऊ नका. ए-१ साठी वर्तमान, फ्युत्युर प्रॉश आणि पासे कोंपोझेची तोंडओळख पुरते. ए-२ ला अँपार्फे आणि साधे भविष्य येते. बी-१ पासून संकेतार्थ, प्ल्युस्क-पार्फे आणि स्युब्जोंक्तीफ यांची खरी गरज लागते. उत्तीर्ण होण्यासाठी शंभरपैकी पन्नास गुण आणि चारही विभागांत पंचवीसपैकी किमान पाच गुण लागतात. लेखी उत्तर संपल्यावर राखून ठेवलेल्या वेळात मजकूर पुन्हा वाचू नका. फक्त क्रियापदांवरून बोट फिरवा आणि प्रत्येकाचा कर्ता कोण, ते ‘एत्र’बरोबर आहे की ‘आव्वार’बरोबर, आणि कर्म आधी आले आहे का, एवढेच तपासा.

कथा-कादंबऱ्यांत पासे सँप्ल नावाचा आणखी एक भूतकाळ भेटेल. तो बोलण्यात वापरत नाहीत. ‘फ्यु’ म्हणजे होता, ‘फी’ म्हणजे केले, ‘वँ’ म्हणजे आला, एवढी तृतीयपुरुषी रूपे वाचताना ओळखता आली की पुरे. त्याचा तक्ता बी-२ होईपर्यंत उघडू नये.